मुकादमाचं माप

१० जून

चिरंजीव धाकटे बंधू, काचवाले यांस,

आशीर्वाद द्यायचा की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

फोन करत नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस, मग मीही बोलते, आणि दोन मिनिटांत आपण पुन्हा त्या प्लायवूडपाशी पोचतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. ही युक्ती मला आधीच सुचायला हवी होती.

विषय तुझ्या माशाचा आहे. जाताना माझ्या कटिंगच्या टेबलावर तू एक बरणी ठेवलीस आणि म्हणालास, "दोन महिने सांभाळ, तिकडे बस्तान बसलं की घेऊन जातो." तेही माझ्याकडे न बघता, बरणीकडे बघून. तेव्हा तो बोटाच्या दोन पेरांएवढा होता. काळपट अंगावर नारिंगी ठिपके, आणि तोंड असं की जणू सगळं जग त्याचं काही तरी देणं लागतं. मला वाटलं, एवढासा जीव, राहील कोपऱ्यात.

दोन महिने झाले. तुझं बस्तान बसलं की नाही मला माहीत नाही, त्याचं मात्र बसलं आहे. तो आता चार इंचांचा आहे. मी टेप लावून मोजला. बरणीत तो गोल फिरत नाही, बरणीभर नुसता असतो. आणि मशीन थांबलं की काचेवर तोंड आपटतो. तुझे भावोजी परवा म्हणाले, "हा तुझ्यावर मुकादम नेमलाय तुझ्या भावाने." तेव्हापासून त्याचं नाव मुकादम.

आपलं जे झालं ते मी उगाळत नाही. आप्पांच्या माघारी दुकान दोघांचं, अर्ध्यात माझी शिलाई, अर्ध्यात तुझी काच, हे मला मान्य होतं. तुझ्या काचेचा कण माझ्या गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये निघाला आणि माझा धागा तुझ्या सिलिकॉनमध्ये चिकटला, तेही चालायचंच. पण मी चार दिवस बाहेरगावी गेले आणि येऊन बघते तर दुकानाच्या मधोमध प्लायवूड, आणि तेसुद्धा माझ्या बाजूला चार बोटं सरकलेलं. त्यावर आपण जे बोललो ते शेजारच्या दुकानांनीही ऐकलं आहे, पुन्हा लिहीत नाही. महिन्याभरात तू त्या लांबच्या शहरात उंच इमारतींना काचा बसवायला निघून गेलास, प्लायवूडच्या छोट्या दाराला कुलूप घालून. खिडकी तुझ्या बाजूला राहिली, म्हणून मला भर दुपारी ट्यूब लावावी लागते. असो. उगाळत नाही म्हटलं ना.

मासा कधी नेतोस ते कळव. आशीर्वाद तूर्त राखून ठेवला आहे.

तुझी ताई


२ ऑगस्ट

चिरंजीव बंधू,

तुझं उत्तर नाही, म्हणजे मासा माझ्या गळ्यात पडला असं समजून मी पुढचं पाऊल उचललं.

शोभेचे मासे विकणारा एक दुकानदार शोधला. तो म्हणाला, हा ऑस्कर जातीचा मासा. मी विचारलं, किती वाढेल? तर म्हणाला, "काळजी करू नका, मासा टाकीएवढाच वाढतो." मला ते इतकं पटलं. अंथरूण पाहून पाय पसरणारा प्राणी, माणसात दुर्मीळ. मी लगेच टेप काढला.

तुला माहीत आहे मी शाळेचे गणवेश कसे शिवते. पोर वर्षभर वाढणार, म्हणून आत चार बोटं कापड दुमडून ठेवायचं, उंची वाढली की शिवण उसवून सोडायचं. आप्पांनी शिकवलेला दाब. त्याच हिशेबाने मी मुकादमाला सगळीकडून सैल अशी दीड फुटाची टाकी आणली, एका इयत्तेला पुरेल अशी. खूश होऊन घरी सांगितलं तर तुझे भावोजी म्हणाले, "आणि उसवणार कशी?" मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

मुकादम मात्र खूश झाला. पहिल्याच दिवशी त्याने तळाचे सगळे खडे तोंडाने उचलून एका कोपऱ्यात ढीग केला. मी सारखे करून ठेवले. त्याने परत ढीग केला. तीन दिवस आमचा हा सामना चालला, शेवटी मी हरले. आता गिऱ्हाइकं मापं द्यायला येतात आणि आधी त्याच्यापुढे उभी राहतात. एक बाई कोटाच्या ट्रायलला आल्या, त्यांना पाहून त्याने आपटून आपटून काच वाजवली. त्या म्हणाल्या, "याला पाठीवर चुणी दिसतेय का?" मी बघितलं तर चुणी होती.

तुझ्याकडे काही वाढलं की नाही माहीत नाही. आरशाचा खालचा कोपरा सुटला आहे, ट्रायलच्या. चिकटपट्टी लावून ठेवली आहे. शेजारी म्हणाले, दुसरा काचवाला बोलवा. मला घाई नाही.

तुझी ताई


२१ सप्टेंबर

चिरंजीव,

दीड फुटी टाकी संपली.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याला पायच नाहीत, मग दिसणार कुठून? आठ इंच झाला आहे. वीतभर. आणि नुसता लांब नाही, उंच आणि जाडही, उशीसारखा. त्या दुकानदाराकडे पुन्हा गेले आणि म्हटलं, तुम्ही म्हणालात टाकीएवढाच वाढतो. तो म्हणाला, "हो, टाकीएवढा झाला ना?" माणूस हसतमुख आहे, त्याच्याशी भांडता येत नाही.

तेव्हा मी दुसरीकडे चौकशी केली. चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी एकच सांगितलं: हा मासा वर्षा-दीड वर्षात फूटभर होतो, झपाट्याने होतो, आणि टाकी लहान असली तर वाढायचा थांबत नाही, नुसता आजारी पडतो. म्हणजे हा अंथरूण पाहून पाय पसरणारा नाही. पाय पसरून मग अंथरूण मागणारा आहे. आपल्या घराण्यात शोभतो.

मी यावेळी कंजुषी केली नाही. लांबी माशाच्या साडेचारपट, तीन फुटाची टाकी आणली. कटिंगच्या टेबलाचा अर्धा भाग त्यात गेला. आता मी पँटी दुमडून कापते. चालतं. टाकी भरली, त्याला सोडला, आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट गेला. मी आणि दुकानातलं गिऱ्हाईक, दोघांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं माप एकदाचं बसलं. मी आता निर्धास्त आहे, तू तुझ्या उंच इमारतींवर निर्धास्त राहा. पट्टा बांधतोस ना तिथे वर?

तुझी ताई


१८ नोव्हेंबर

चिरंजीव धाकटे बंधू यांस,

तुझं कार्ड पोचलं. सात महिन्यांनी भावाचं अक्षर बघितलं, आणि त्यात दोन शब्द: "रुंदी किती?"

ना क्षेम, ना कुशल. ना ताई. मी ते कार्ड शेजारच्यांना दाखवलं, समोरच्या इस्त्रीवाल्याला दाखवलं, तुझ्या भावोजींना तर ड्यूटीवरून येईपर्यंत धीर नव्हता म्हणून डेपोत जाऊन दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मग म्हणाले, "बरोबर विचारतोय. आमची बस कितीही लांब रस्त्यावर घाल, वळवायची म्हटली की रुंदी लागते. तुझ्या टाकीची रुंदी किती?"

एक फूट. मासा दहा इंच.

मी परत येऊन टाकीसमोर स्टूल टाकून बसले. आजवर मी त्याला जाताना बघत होते, वळताना बघितलंच नव्हतं. तो टोकाला जातो, थांबतो, शेपूट एका बाजूला दाबून धरतो, अंगाची घडी करतो आणि काचेला नाक घासत कसाबसा फिरतो. नाकावर पांढरा डाग पडला आहे. आणि मी रोज बघून म्हणत होते, काय छान पोहतो.

मला माझंच हसू आलं, मग रडूही आलं, मग पुन्हा हसू. वीस वर्षं मी गिऱ्हाइकाला सांगते, नुसतं सरळ उभं राहू नका, हात वर करा, खाली बसा, मागे वळून बघा. सरळ उभ्या माणसाला कुठलाही शर्ट बसतो. आणि या बिचाऱ्याला मी सरळ उभा मोजला, दोनदा.

तर आता खरं माप. पूर्ण वाढला की फूटभर होईल. त्याला न दुमडता वळायचं तर रुंदी त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन फूट. लांबी सहा. उंची दोन. हे माप पाठवते.

पण ते ठेवायचं कुठे? ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. माझ्या अर्ध्यात मशीन, टेबल आणि ट्रायलची जागा सोडली तर दोन फूट रुंदीची सहा फूट जागा नाही. मी जमिनीवर खडूने आखून बघितलं, प्रत्येक वेळी रेघ प्लायवूडखालून तुझ्याकडे जाते. दुकानात ती टाकी मावेल अशी एकच जागा आहे, बरोबर मधोमध. अर्धी तुझ्याकडे, अर्धी माझ्याकडे.

आणि प्लायवूडचे स्क्रू तुझ्या बाजूने आहेत.

तुझी ताई


९ डिसेंबर

चिरंजीव,

दुसरं कार्ड मिळालं. प्रगती आहे, यावेळी वाक्य दोन: "काचेला दाब नसतो. एकदाच माप घे." आप्पा असते तर म्हणाले असते, पोरगं बोलायला लागलं.

माप घेतलं आहे, मागच्या पत्रात दिलं आहे, त्यात बदल नाही. प्रश्न जागेचा आहे, आणि त्यावर तू गप्प आहेस.

दरम्यान एक स्थळ सांगून आलं आहे. मुकादमासाठी. तीन चौक पलीकडे दातांचे डॉक्टर आहेत, ते सूट शिवायला आले होते. मुकादमाने त्यांना बघून तोंड उघडलं, आणि ते जे त्याच्यापुढे बसले ते माप द्यायचंच विसरले. त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर टाकी आहे. म्हणाले, "मला द्या. माझ्या पेशंटांचं लक्ष लागेल आणि याला पोहायला मिळेल." माणूस चांगला आहे. मी टाकी जाऊन बघितली, रुंदीही मोजली. तक्रारीला जागा नाही.

मी त्यांना जानेवारीचा शेवटचा रविवार दिला आहे. त्या दिवशी सकाळी ते टब घेऊन येतील. तोवर इथे जागा झाली तर मुकादम इथे, नाही तर तो त्यांचा. त्याच्या नाकावरचा डाग मोठा होतोय, त्याला माझ्या हट्टापायी आणखी थांबवणं बरं नाही.

आता जे लिहिते ते एकदाच लिहिते. तो गेला की या दुकानात तुझं काही उरत नाही, प्लायवूड सोडून. मला ते नको आहे. मला तू हवा आहेस, तुझ्या काचेच्या कणांसकट.

वहिनीचा फोन आला होता, हे तुला माहीत नसेल. ती म्हणाली, "ताई, तुमचं पत्र आलं की हे ते जेवणाच्या डब्यात घालून कामावर नेतात. रात्री परत आणून मला वाचून दाखवतात, तुमच्या आवाजात." माझा आवाज तू कसा काढतोस ते मला ऐकायचं आहे. लहानपणी तू फार वाईट काढायचास.

तुझी ताई


७ जानेवारी

चिरंजीव काचवाले यांस,

पाकीट मिळालं. त्यात किल्ली. कागद नाही, चिठ्ठी नाही, नुसती किल्ली, कापसात गुंडाळलेली.

मी ती घेऊन तुझ्या छोट्या दारापाशी गेले. कुलपात घातलीसुद्धा. तुझे भावोजी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पाठीमागे तयार होते, बाह्या सरसावून. मुकादम आपल्या तीन फुटातून आमच्याकडे बघत होता. मग मी किल्ली काढून घेतली.

ती या पत्राबरोबर परत पाठवते.

भावोजी वैतागले. "अगं, दार उघडतंय, माशाला जागा मिळतेय, आणखी काय हवंय तुला?" मी म्हटलं, ज्याने स्क्रू बसवले त्याने काढावेत. ते म्हणाले, "आणि तो नाही आला तर?" मी म्हटलं, तर ठरल्या रविवारी डॉक्टर येतील. हे बोलायला सोपं होतं. नंतर मी काजं करताना दोनदा सुई बोटात घालून घेतली.

तू म्हणशील, ताई हट्टी. म्हण. समोर येऊन म्हण.

मुकादमाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तो मजेत आहे. काल माझा टेप पाण्यात पडला, त्याने तो तोंडात धरून टाकीभर मिरवला आणि परत द्यायला तयार होईना. शेवटी गांडूळ दाखवून सोडवला. आता त्या टेपवर नऊ आणि दहा इंचांच्या मध्ये त्याच्या तोंडाच्या खुणा आहेत. मी तोच वापरते.

तुझी ताई


८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पाणी भरलं. एक थेंब गळत नाही. सांध्यांखाली कागद घालून ठेवला होता, कोरडा निघाला. हे तुला आधी सांगते, कारण तू फोनवर वहिनीकरवी तीनदा विचारलंस, स्वतः न बोलता. आपली ही खोड जायला वेळ लागेल.

त्या शनिवारी तू टेम्पोतून उतरलास तेव्हा मी मशीनवरून उठले नाही. तुला वाटलं असेल, राग आहे. राग नव्हता, मशीन चालत होतं पण सुईत धागाच नव्हता. तू आत आलास, माझ्याकडे न बघता थेट मुकादमापुढे वाकलास आणि म्हणालास, "एवढा?" बोटाच्या दोन पेरांचा सोडून गेला होतास ना. तो तुला बघून उभा राहिला, शेपूट खाली, तोंड वर, आणि काचेवर आपटला. मी मनात म्हटलं, आपट. माझ्यातर्फेही एक आपट.

आणि स्क्रू. तू तुझ्या बाजूने काढत होतास, मी माझ्या बाजूने प्लायवूड धरून उभी होते. नुसता स्क्रू फिरल्याचा आवाज. शेवटचा निघाला आणि सगळं वजन माझ्या हातांवर आलं, तेव्हा पलीकडून तू म्हणालास, "धरलंस ना, ताई?" मी नुसतं हं म्हटलं. पलीकडून तुला दिसलं नाही ते बरं झालं. मग प्लायवूड आडवं झालं आणि तुझ्या खिडकीचा उजेड माझ्या मशीनपर्यंत आला. त्या दिवसापासून मी दिवसा ट्यूब लावलेली नाही.

डॉक्टर रविवारी टब आणि दोन माणसं घेऊन आले, आणि तू त्यांच्या हातात काच दिलीस. आपण मासा न्यायला आलो होतो, हे तेही विसरले. सांध्यातलं सिलिकॉन बोटाने सारखं करायला तू त्यांना बसवलंस, ते मात्र तू बरोबर हेरलंस. दातांत भरणाऱ्या माणसाएवढा सफाईदार हात कुणाचा असणार? आता ते सगळ्या पेशंटांना सांगतात की शहरातली सगळ्यात मोठी फट त्यांनी भरली आहे. मासा हातचा गेल्याचं त्यांना वाईट वाटलंच. पण रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून येतात, स्टूल ओढून मुकादमापुढे बसतात आणि चहा घेऊन जातात.

तेच प्लायवूड तू टाकीखाली घातलंस, स्टँडवर. मी बघितलं. ते जिथे उभं होतं ती जमिनीवरची रेघ आता स्टँडखाली गेली आहे, तेव्हा ते माझ्या बाजूला चार बोटं होतं की नव्हतं हे यापुढे कुणालाही मोजता येणार नाही. होतं.

आता काल काय झालं ते सांगते. सिलिकॉन वाळल्यावर पाणी भरलं, फिल्टर दोन दिवस चालवला, जुन्या टाकीतलं पाणी आणि खडे त्यात घातले, तू सांगितलंस तसं सगळं केलं. मग मी आणि भावोजींनी मुकादमाला ओल्या चादरीच्या झोळीत उचलून आत सोडला. तो आधी तळाशी जाऊन कोपऱ्यात बसला, फिक्का पडून. डॉक्टर, इस्त्रीवाला, कोटवाल्या बाई, सगळे बघत होते. मग त्याने एक पंख हलवला. निघाला. पार टोकाला गेला, आणि मी डोळे मिटले, कारण आता तो शेपूट दाबणार, अंगाची घडी करणार, नाक घासणार.

बाई म्हणाल्या, "वळला."

डोळे उघडले तर तो परत येत होता. कुठेही न टेकता, ताठ. मग पुन्हा गेला आणि पुन्हा वळला, आणि मग त्याला बहुधा कळलं, कारण तो नुसताच वळत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे, उगाचच. एवढं मोठं जनावर, पोरासारखं. इस्त्रीवाल्याने शिट्टी वाजवली. मी डॉक्टरांच्या नव्या सुटाच्या बाहीला डोळे पुसले, बाही अजून टाचलेली होती.

सगळे गेल्यावर तुझे भावोजी टाकीभोवती एक चक्कर मारून आले. मग दारापाशी गेले. मग परत आले. म्हणाले, "सगळं झकास आहे. पण ही गाडी डेपोतून बाहेर कशी काढणार?"

मी तुला सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच असं माप लिहून दिलं होतं. तू काचा उतरवल्यास तेव्हाच मी म्हटलं होतं, या मोठ्या दिसतात. टेप लावला तर रुंदी तीन फूट, उंची अडीच. मी म्हणाले, माप चुकलंय. तू काच कापायचा हिरा खिशात टाकत म्हणालास, "गणवेश शिवतेस ना? दाब ठेवलाय." मी हसले. मला वाटलं, मला चिडवतोस, आणि माशाला थोडं सैल देतोस. आणि जाताना मी विचारलं, आता परत कधी, तर म्हणालास, "मार्चअखेर काम संपतंय. बघू." त्या बघूवर मी आठवडाभर झोपलेली नाही.

भावोजींनी विचारल्यावर मी टेप घेऊन दारापाशी गेले, तोच तो चावलेला टेप. आपल्या दुकानाला दार एकच. चौकटीच्या आतून सव्वादोन फूट. मनातल्या मनात टाकी आडवी केली, उभी केली, कुशीवर केली, तरी कुठल्याही बाजूने ती दारातून निघत नाही. दोन फुटांची असती तर निघाली असती. काचा एकेक करून आत आल्या, स्टँड वेल्डरने आत जोडला, आणि आता ही टाकी या दोन्ही अर्ध्यांच्या मध्ये कायमची आहे. ती फोडल्याशिवाय इथे पुन्हा प्लायवूड उभं राहू शकत नाही.

तू वाळूच्या कणाएवढंही माप चुकत नाहीस. हे मी तुला लहानपणापासून बघते आहे.

मी टाकीपाशी परत आले आणि हात आत घालून बघितला. अडीच फूट उंची, माझा हात तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. भावोजींचाही नाही. तिथली काच पुसायला तुझ्याएवढा लांब हात लागतो. म्हणजे तेही मोजलं होतंस. मी भिजल्या बाहीने तिथेच उभी राहून हसत होते, आणि मुकादम माझ्या बोटांना येऊन धडकत होता.

तुझी बाजू झाडून ठेवली आहे. तुझं काच कापायचं टेबल खिडकीखाली सरकवलं आहे, तुला उजेड डाव्या बाजूने लागतो म्हणून. आरशाचा कोपरा अजून चिकटपट्टीवर आहे, तो तू आल्यावर. वहिनीला सांग, वरच्या खोलीला रंग देऊन घेते, कुठला हवा ते तिने कळवावं. स्क्रू मी डबीत जमवले होते, आज भंगारवाल्याला दिले.

आशीर्वाद. सगळा. आत काही दुमडून ठेवलेलं नाही.

तुझी ताई